हृदयरोहिणीची वाट : हात आणि यंत्र



कारागिराचा हात आणि यंत्र यांचा तंटा जुना आहे. हातमाग आणि गिरणी यांच्या रूपानें तो आपल्या खेड्यापाड्यांनीं अनुभवला. आज तोच तंटा मनुष्याच्या हृदयापर्यंत येऊन पोंचला आहे. हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी आंतून अरुंद झाली म्हणजे तींत फुगा फुगवून धातूची बारीक जाळी, म्हणजे स्टेंट, बसवितात. हें काम वैद्यानें स्वतःच्या बोटांनीं करावें, कीं यंत्राकडून करवावें, असा आतां प्रश्न आहे. मी वैद्य नव्हें. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला. तेव्हां या प्रश्नाकडेही इतिहासाच्या वाटेनेंच जाऊं.

ही विद्या जन्मली ती हातांतच. 1929 सालीं जर्मनींतील एबर्सवाल्ड येथें वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरानें आपल्याच दंडाच्या शिरेंतून एक नळी हृदयाकडे सरकविली, आणि तशाच स्थितींत क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन छायाचित्र काढविलें. त्या वेळीं त्याच्या वाट्याला उपेक्षा आली. नोबेल पारितोषिक आलें तें 1956 सालीं. 1958 सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें मेसन सोन्स यांची नळी अनपेक्षितपणें हृदयरोहिणींत शिरली, रंगद्रव्य तींत उतरलें, आणि त्या अपघातांतून रोहिणीचें चित्र घेण्याची पद्धत निघाली. पुढें आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनीं घरच्या स्वयंपाकघरांतील मेजावर फुगे तयार केले, व 16 सप्टेंबर 1977 रोजीं झुरिच येथें जागृत रुग्णाच्या हृदयरोहिणींत असा फुगा प्रथम फुगविला. उघडलेली वाट पुनः मिटूं नये म्हणून मार्च 1986 मध्यें फ्रान्समधील तूलूझ येथें झाक प्युएल यांनीं मनुष्याच्या हृदयरोहिणींत पहिला स्टेंट बसविला. त्याच वर्षीं मॅथ्यू सॅम्युएल कळरिक्कल यांनीं मद्रासेंत भारतांतील पहिली अँजिओप्लास्टी केली. ते ग्रुन्टझिग यांच्याजवळ शिकले होते. गाण्याची विद्या जशी गुरूच्या कंठांतून शिष्याच्या कंठांत जाते, तशी ही विद्या एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली.

या हाताचें काम तरी कसें? मनगटांतून किंवा जांघेंतून शिरलेली, 0.014 इंच जाडीची तार बोटांच्या टोकांनीं फिरवीत फिरवीत रोहिणीच्या वळणांतून न्यावयाची. तार मोकळी सरकते कीं कोठें अडते, हें डोळ्यांपूर्वीं बोटांना कळतें. परंतु या कौशल्याची किंमत वैद्याला स्वतःच्या देहानें द्यावी लागते. क्ष-किरणांजवळ वर्षानुवर्षें उभें राहावयाचें, आणि अंगावर शिशाचा जड अंगरखा वागवावयाचा! पाठीचीं दुखणीं या व्यवसायांत नवलाचीं नाहींत.

यंत्राचा प्रवेश झाला तो मुख्यतः येथें. इस्रायलमधील हैफा येथील राफाएल बेयार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुरून तार व फुगा चालविण्याचे माणसांवरील पहिले प्रयोग 2006 सालीं प्रसिद्ध केले. 2012 सालीं अमेरिकेनें ‘कोरपाथ’ या यंत्रास परवानगी दिली. वैद्य शिशाच्या आडोशामागें बसून दांडी हालवितो, आणि पलंगाजवळचा यांत्रिक बाहु तार व स्टेंट मिलिमीटरच्या मापानें पुढें मागें करतो. 2013 सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत 164 पैकीं 160 रुग्णांवरील उपचार यशस्वी झाले, आणि वैद्याच्या वाट्याचे किरण 95 टक्क्यांनीं घटले. मात्र या पाहणींत हातानें उपचार केलेल्या रुग्णांचा वेगळा गट नव्हता. यंत्रानें हें काम करतां येतें, एवढें तिनें दाखविलें. हातापेक्षां रुग्णाला अधिक गुण येतो, हें नव्हे. बोटांना मिळणारी ती स्पर्शाची वार्ता या यंत्रांत नव्हती, आणि मनगटाची रोहिणी टोंचून वाट करून देणारा मनुष्य तर पलंगाशीं लागतच होता.

तथापि यंत्रानें एक मोठी आशा उत्पन्न केली. डिसेंबर 2018 मध्यें डॉ. तेजस पटेल यांनीं गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराच्या आवारांत बसून, सुमारें 32 किलोमीटरांवरील अहमदाबादच्या रुग्णालयांत असलेल्या पांच रुग्णांच्या हृदयरोहिणींत स्टेंट बसविले. पांचही उपचार सफल झाले. मोताळा तालुक्यांतील आमच्या धामणगाव बढ्यासारख्या गांवच्या माणसाला ही वार्ता ऐकून वाटावें, कीं आतां मुंबईचा निष्णात वैद्य आपल्या दाराशीं आला!

पण येथें थोडें थांबावें. त्या पांचही रुग्णांचे अडथळे सोपे होते, आणि अहमदाबादेस सुसज्ज खोली व अनुभवी वैद्य हजर होते. कांहीं बिघडतें तर हात घालावयास मनुष्य जवळ होता. म्हणजे यंत्रानें अंतर जिंकलें तें एका सज्ज ठिकाणापासून दुसऱ्या सज्ज ठिकाणापर्यंत. शिवाय यंत्राचें आयुष्य व्यापाराच्या हातीं असतें. हें यंत्र करणारी कंपनी सीमेन्स हेल्दिनियर्सनें 2019 सालीं विकत घेतली, आणि 2023 सालीं हृदयोपचारांसाठीं तें पुढें न चालविण्याचा निर्णय जाहीर केला. उलट, फेब्रुवारी 2017 मध्यें भारत सरकारनें स्टेंटच्या कमाल किंमती ठरवून दिल्या, साध्या स्टेंटची 7,260 रुपये व औषधयुक्त स्टेंटची 29,600 रुपये. त्या एका आज्ञेनें सामान्य गृहस्थाचा लाभ झाला, तो कोणत्याही यंत्राच्या बाहूनें झाला नाहीं.

हृदयविकाराचा तीव्र झटका आला असतां खरा शत्रु काळ असतो. वैद्यकाचा दंडक असा, कीं निदान झाल्यापासून 120 मिनिटांच्या आंत रोहिणी उघडणें शक्य नसेल, तर गुठळी विरघळविणारें इंजेक्शन विलंब न लावितां द्यावें, आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयाकडे न्यावें. म्हणून खेड्याच्या दृष्टीनें पहिला हात शहरांतल्या निष्णाताचा नव्हे, यंत्राचाही नव्हे. छातींत कळ येतांच ‘पित्त असेल’ म्हणून वाट न पाहणारा घरच्या माणसाचा, हृदयाचा आलेख तत्काळ काढणारा जवळच्या दवाखान्यांतला, आणि रात्रीं बेरात्रीं गाडी हांकणाऱ्याचा तो हात होय. हे तीन हात वेळेवर हालले, तरच पुढें स्टेंट बोटांनीं बसविला कीं दांडीनें, या वादाला कांहीं अर्थ राहील.