वर्डप्रेस प्लगिनसाठी स्थानिक विकासव्यवस्था

वर्डप्रेसचे प्लगिन लिहिण्यासाठी व तपासण्यासाठी विकसकाने स्वतःच्या संगणकावर उभारलेली, चालू संकेतस्थळापासून अलग असलेली व्यवस्था. प्लगिनमधील एका चुकीने अख्खे संकेतस्थळ बंद पडू शकते किंवा डेटाबेसमधील नोंदी बिघडू शकतात. ती चूक वाचकांपर्यंत पोहोचण्याआधी पकडणे, हा या व्यवस्थेचा हेतू.

पार्श्वभूमी : मॅट मलनवेग व माइक लिटल यांनी २००३ मध्ये वर्डप्रेस प्रसिद्ध केले. मूळ प्रणालीला हात न लावता सोयी वाढवू देणारी प्लगिनरचना २००४ मधील १.२ या आवृत्तीत आली.

उभारणी : वर्डप्रेसला पीएचपी, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी आणि अपाचीसारखा वेब सर्व्हर लागतो. झॅम्प या संचात हे तिन्ही एकत्र मिळतात. वर्डप्रेसच्या फाइली त्यातील ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये ठेवून रिकामा डेटाबेस तयार करतात. त्याचे नाव, वापरकर्ता व पासवर्ड ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलमध्ये भरतात. मग ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ या पत्त्यावर संकेतस्थळ उघडते. झॅम्पऐवजी डॉकरवर चालणारे ‘डब्ल्यूपी-एन्व्ह’ हे साधनही वापरतात; त्यात वर्डप्रेस व पीएचपीच्या आवृत्त्या प्रकल्पाच्याच एका फाइलमध्ये नोंदवता येतात, त्यामुळे सर्व सहकाऱ्यांकडे सारखी व्यवस्था राहते.

प्लगिनची जोडणी : ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधील ‘प्लगिन्स’ फोल्डरात प्लगिनचा स्वतंत्र फोल्डर करतात. मुख्य पीएचपी फाइलच्या आरंभी टिपणीत ‘प्लगिन नेम’ ही ओळ आवश्यक असते. ती नसल्यास प्लगिन डॅशबोर्डच्या यादीत दिसत नाही.

दोषशोधन : ‘डब्ल्यूपी-डीबग’ व ‘डब्ल्यूपी-डीबग-लॉग’ हे स्थिरांक सुरू केले की त्रुटी ‘डीबग.लॉग’मध्ये उतरतात. पडद्यावर केवळ गंभीर त्रुटीची सूचना दिसत असली, तरी या नोंदीत दोष कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर आहे ते सापडते. चालू संकेतस्थळावर मात्र त्रुटींचा तपशील पाहुण्यांना दिसू देऊ नये. त्यातून फाइलींचे मार्ग उघड होतात.

माहितीची नक्कल : चालू संकेतस्थळाचा डेटाबेस स्थानिक संगणकावर आणल्यास त्यातील संकेतस्थळाचे पत्ते बदलावे लागतात. काही नोंदींत मजकुराबरोबर त्याची लांबीही साठवलेली असते. नुसता शब्द बदलल्यास ती जुळत नाही आणि नोंद वाचता येत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या आज्ञा-साधनातील ‘सर्च-रिप्लेस’ आज्ञा लांबीही सुधारते. ग्राहकांची नावे, ईमेल व इतर खासगी माहिती नकलेतून आधी काढून टाकावी.

मर्यादा : स्थानिक संगणक व सर्व्हर यांच्या पीएचपी आवृत्त्या वेगळ्या असल्यास इथे चाललेले प्लगिन तिथे अडू शकते. विंडोजवर सहसा खपून जाणारा फाइलनावांतील लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक लिनक्स सर्व्हरवर चालत नाही. म्हणून सर्व्हरशी मिळत्याजुळत्या चाचणी-संकेतस्थळावर तपासूनच प्लगिन कार्यान्वित करतात.