व्हेराक्रूझ

मेक्सिकोच्या आखातावरील ऐतिहासिक बंदर. मेक्सिको सिटीच्या पूर्वेस सुमारे ४०० किमी. याच नावाच्या राज्यात ते मोडते. मात्र राज्याची राजधानी डोंगरातील हलापा ही आहे. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी हर्नान कोर्तेस याच किनाऱ्यावर उतरला. त्याने वसवलेल्या वसाहतीची जागा पुढे बदलत गेली आणि १६०० च्या सुमारास ती पुन्हा आजच्या ठिकाणी आली. मेक्सिकोची चांदी येथून स्पेनला जाई. येताना जहाजे युरोपचा माल आणि आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम आणीत.

सान हुआन दे उलुआ हा किल्ला आधी पाहावा. बेटावरच्या या किल्ल्याचे काम १५३५ मध्ये सुरू झाले. जहाजांचे दोर बांधण्यासाठी भिंतीत बसवलेल्या कड्या आणि बांधकामातला प्रवाळाचा दगड जवळून बघण्याजोगा आहे. दगडात समुद्री जीवांच्या खुणा सहज ओळखू येतात. किल्ल्याचा पुढे तुरुंग झाला. ‘नरक’, ‘शुद्धिलोक’ अशा नावांच्या कोठड्यांत छतातून पाणी पाझरून क्षारांचे सुळके लोंबू लागले आहेत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले बेनितो हुआरेझ हेही येथे कैदेत होते. मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला, तरी स्पॅनिश शिबंदी किल्ला अडवून बसली आणि समोरच्या शहरावर तोफा डागत राहिली. ती हटली १८२५ मध्ये. त्यानंतर १८३८ मध्ये फ्रेंच, १८४७ आणि १९१४ मध्ये अमेरिकी फौजा चालून आल्या. या चार लढायांमुळे शहराला ‘चार वेळा शूर’ हे बिरुद मिळाले. त्यांतली शेवटची दोन आक्रमणे शहर पडूनच संपली, पण बिरुद टिकले.

शहराची तटबंदी एकोणिसाव्या शतकात पाडली गेली. तिच्या बुरुजांपैकी सांतियागो हा एकच उरला असून त्यात एका मच्छीमाराला समुद्रात सापडलेले प्राचीन सोन्याचे दागिने ठेवले आहेत.

संध्याकाळी मुख्य चौकात दान्सोन हे क्यूबाहून आलेले जोडीनृत्य चालते. नाचणाऱ्यांत वयस्क मंडळीच अधिक. ठरावीक सुरावटीला जोडपी थांबतात, बायका पंख्याने वारा घेतात, मग पुन्हा पावले पडू लागतात. कॉफीगृहांत उंच पेल्यात तळाशी कोरी कॉफी येते. पेल्यावर चमचा वाजवला की वाढपी किटली उंच धरून गरम दूध ओततो.

हिवाळ्यात ‘नॉर्ते’ हे उत्तरेचे वादळी वारे अधूनमधून बंदर बंद पाडतात. शहरालगतचे समुद्रकिनारे सामान्य आहेत. निळ्याशार पाण्यासाठी येणाऱ्याने कानकूनला जावे.