कुलूपबंद घर आणि तीस दिवसांची अट

आजची गोष्ट आमच्याच घरापासून सुरू होते.

सातारच्या घराचं काम काढलंय. वायरिंग, फरशी, कौलं, सगळंच. आई-बाबा भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहेत. परवा बाबांनी विचारलं, "अगं, घराचा विमा चालू आहे ना?" मी म्हटलं, "हप्ता भरलाय की!" मग पॉलिसी नीट वाचली आणि झोपच उडाली. घर ३० दिवसांहून जास्त रिकामं राहिलं आणि कंपनीची संमती आधी घेतलेली नसेल, तर संरक्षण थांबतं. आमचा २२वा दिवस होता.

अशी अट का असते? त्यासाठी जाऊया लंडनला. १६६६च्या आगीत तिथली सुमारे १३,००० घरं जळाली. पुढे १६८०च्या सुमारास निकोलस बार्बन या माणसाने घरांचा आगविमा विकायला सुरुवात केली. हा शिक्षणाने डॉक्टर आणि धंद्याने बिल्डर! विटांच्या घरापेक्षा लाकडी घराला त्याचा दर दुप्पट. म्हणजे जसा धोका, तसा हप्ता. आता बघा, माणसं राहतात ते घर वेगळं आणि कुलूपबंद घर वेगळं. धूर दिसला तर ओरडणारंच कोणी नाही. त्यात दुरुस्ती म्हणजे उघड्या तारा, वेल्डिंग, रंगाचे डबे.

आता १९९२. विंडसर किल्ल्यात वायरिंग बदलायचं काम चालू होतं. २० नोव्हेंबरला खासगी चॅपेलमध्ये दिव्याच्या उष्णतेने पडदा पेटला. ११५ खोल्यांचं नुकसान झालं. कामासाठी बरीच चित्रं आधीच हलवलेली होती, म्हणून ती वाचली. पण किल्ल्याचा विमाच नव्हता! खर्च सरकार करणार म्हटल्यावर लोक भडकले. शेवटी १९९३मध्ये बकिंगहॅम पॅलेस तिकीट लावून लोकांना खुला केला आणि बराचसा पैसा त्यातून उभा राहिला. दुरुस्तीला पाच वर्षं आणि ३ कोटी ६५ लाख पौंड लागले.

राणीकडे तिकीट लावायला दुसरा राजवाडा होता. आमच्या बाबांकडे हे एकच घर, तेही पेन्शनच्या पैशांतून उभं राहिलेलं.

म्हणून दुसऱ्याच दिवशी कंपनीला लेखी कळवलं: घर किती दिवस रिकामं, काम कोणतं, रात्री राखणीला कोण. थोडा जादा हप्ता भरला आणि संमतीचं पत्र हातात घेतलं. कामगार आणि नव्या सामानाचा विमा कॉन्ट्रॅक्टरकडे आहे का, तेही विचारलं. नव्हता! आता काढतोय.

तुमच्याही घरी काम निघालं असेल, तर हा भाग संपल्यावर आधी पॉलिसी उघडा. चला, भेटू पुढच्या भागात!