धर्मग्रामाची शाळा आणि तिचे शिक्षक

काही वर्षांपूर्वी भिलाईस जाण्याचा योग आला होता. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या खेड्यांच्या जागी नाना प्रांतांच्या माणसांचे नगर वसले. तेथे एका कॅथलिक धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, शाळेत शिकविणारे एक मराठी गृहस्थ मला भेटले. कचेरीबाहेरच्या लाकडी फलकावर शाळाप्रमुखांची नावे क्रमाने लिहिलेली होती. त्यांच्या सहा वर्षांच्या नोकरीत त्या फलकावर चार नावे चढली होती. शिक्षक किती आले आणि गेले, याची तर मोजदादच नव्हती. ते म्हणाले, ‘‘ही शाळा नेमकी कोणाची, हेच मला अजून उमगलेले नाही.’’

त्यांचा प्रश्न जुना आहे. अशा शाळेचा प्रमुख बहुधा धर्मगुरू असतो किंवा धर्मभगिनी. त्यांनी आज्ञापालनाचे वचन दिलेले असते. बिशपांचे किंवा संघाच्या वरिष्ठांचे पत्र आले की सामान बांधायचे. त्या पत्रामागे साऱ्या धर्मप्रांताची गरज असते, एका शाळेची नसते. उलट, वर्गात शिकविणाऱ्या प्रापंचिक शिक्षकाने कसलेच व्रत घेतलेले नसते. पण घरभाडे त्याला द्यावेच लागते. शेजारीच कारखान्याने चालविलेल्या शाळा असल्यावर त्याचे मन तिकडे धावले, तर त्याला दोष कसा द्यावा?

नेतृत्व एकदम नाहीसे झाले तर अशा शाळांचे काय होते, याची कसोटी आपल्या महाराष्ट्रातच एकदा लागली होती. 1854 पासून मुंबईच्या कॅथलिक मिशनचे काम येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे आले, आणि त्यांत जर्मनांचा भरणा मोठा होता. पुण्याची सेंट व्हिन्सेंट शाळा 1867 ची, मुंबईचे सेंट झेवियर महाविद्यालय 1869 चे. आणि 1878 नंतर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांत त्यांच्या लहान लहान मराठी शाळा निघाल्या. साठ वर्षे हा कारभार सुरळीत चालला. एकाच प्रांतातून माणसे येत राहिल्याने एक गेला तरी दुसरा त्याच वळणाचा येई.

ऑगस्ट 1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले, आणि कालपर्यंत ‘फादर’ म्हणून ज्यांच्यापुढे सरकारी अधिकारीही अदबीने उभे राहत, ते एकाएकी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अहमदनगरलाच जर्मनांच्या नजरकैदेची छावणी उभी राहिली. 1915-16 मध्ये जर्मन मिशनऱ्यांना ‘गोलकोंडा’ नावाच्या जहाजाने मायदेशी रवाना करण्यात आले. मुंबईचे आर्चबिशप युर्गेन्स हे स्वतः जर्मन. 1916 मध्ये त्यांचे निधन झाले आणि ती जागा तीन वर्षे रिकामी राहिली. महाविद्यालयाची जबाबदारी इंग्लंडहून आलेल्या फादर आल्बन गुडियर यांच्यावर येऊन पडली. 1919 मध्ये तेच आर्चबिशप झाले. पुढे स्पेनमधून नवी माणसे आली. इतिहासप्रेमी मराठी वाचकांना परिचित असलेले फादर हेरास हे 1922 मध्ये आलेले, त्याच ओघातले.

पुण्याचे बिशप डोरिंग यांची कथा तर विलक्षणच आहे. 1907 पासून ते पुण्याचे बिशप होते. युद्धाने त्यांचे आसन हिरावून घेतले. 1921 मध्ये त्यांची नेमणूक झाली ती थेट जपानात, हिरोशिमाला! 1927 मध्ये ते पुन्हा पुण्यास परतले. बदलीचे हुकूम आपणही पाहिले आहेत, पण एवढा लांबचा वळसा क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल.

या साऱ्या उलथापालथीत शाळा मात्र टिकल्या. मदतीला आलेल्या इतर देशांच्या धर्मगुरूंना याचे श्रेय दिले जाते, आणि ते रास्तही आहे. परंतु नगरकडील खेड्यांत सकाळी मुलांना बाराखडी शिकविणारा आणि संध्याकाळी प्रार्थना सांगणारा जो मराठी मास्तर होता, त्याला कोणी जहाजावर चढविले नव्हते. प्रमुख कोण, त्याची भाषा कोणती, पगार कोणाच्या सहीने मिळणार, हे अनिश्चित असताना वर्ग ज्यांनी भरविले ते हेच लोक असले पाहिजेत, असे माझे अनुमान आहे. मिशनच्या इतिहासांत धर्मगुरूंची चरित्रे विस्ताराने येतात. या मास्तरांची नावे मात्र शोधूनच काढावी लागतात.

भिलाईच्या त्या गृहस्थांना मी ही हकीकत सांगितली. ते थोडेसे हसले आणि म्हणाले, ‘‘त्या मास्तरांना शेजारच्या गावी दुप्पट पगाराची शाळा नसावी.’’ मला उत्तर सुचले नाही. पुढल्या वर्षी त्यांचे पत्र आले, त्यावर पत्ता कारखान्याच्या शाळेचा होता. जुन्या शाळेच्या फलकावर पाचवे नाव लागल्याचेही त्यांनी शेवटी लिहिले होते.