योशिदा हिरोशी : अजिंठा-वेरूळची काष्ठमुद्राचित्रे

जपानी चित्रकार योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) यांच्या भारतविषयक मालेतील लेणीचित्रे. ‘शिन-हांगा’ या नव्या मुद्राचित्र-चळवळीतील योशिदा १९३०-३१ मध्ये पुत्र तोशी यांच्यासह भारतात आले. ताजमहाल, फतेपूर सीक्री यांबरोबर त्यांनी अजिंठा व वेरूळही चित्रित केले. लाकडी ठशांवर जलरंग लावून कागदावर एकावर एक अनेक छाप घेतल्याने सूक्ष्म रंगछटा साधतात. कातळातील छायाप्रकाशासाठी हे तंत्र विलक्षण अनुरूप ठरले. स्वतःच्या देखरेखीखालील छापांवर ते ‘जिझुरी’ (स्वमुद्रित) ही मुद्रा उमटवीत. भारतीय शैलस्थापत्य आणि जपानी मुद्रणकला यांचा हा मोलाचा संगम होय.