भारतीय बचाव (बुद्धिबळ)

पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकल्यावर काळ्याने प्याद्याने लगेच मध्य न अडवता राजाच्या बाजूचा घोडा काढायचा आणि अनेकदा उंट लांब कर्णावर बसवून दुरूनच मध्यावर दाब आणायचा, अशा सुरुवातींचे हे सामायिक नाव. ते आले एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यावरून. तेथे महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेन या बॅरिस्टरशी शेकडो डाव खेळले. त्यांच्या अशा संथ सुरुवातींचे मूळ देशी नियमांत सांगतात. देशी डावात प्यादे एका वेळी एकच घर चाले, कॅसलिंग नसे, आणि शह बसला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची उडी मारता येई. समोरचा झटपट अंगावर येऊ शकत नसल्याने मोहरी सावकाश मांडायला उसंत मिळे. स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे, पण अपुरे आहे.

ते पूर्ण मानले तर ही सुरुवात म्हणजे निव्वळ जुनी सवय ठरते. १८५५चा कॉक्रेन-महेशचंद्र डाव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. काळ्याने आधी घोडा काढला, मग घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवले, आणि तिसऱ्याच खेळीला वजिराचे प्यादे थेट दोन घरे टाकून पांढऱ्याला भिडवले. देशी नियमात जी खेळी बसतच नाही, ती इथे नेमक्या वेळी आली आहे. आठव्या खेळीला शेजारच्या उंटाचे प्यादेही दोन घरे आले आणि कॅसलिंग झालेल्या राजापुढे बसलेल्या काळ्या उंटाच्या कर्णावर पांढऱ्याचा मध्य सापडला. तो डाव मात्र शेवटी पांढऱ्याने, म्हणजे कॉक्रेनने जिंकला. दोन्ही नियम जाणणारे खेळाडू तेव्हा नवलाचे नव्हते. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेला बुद्धिबळग्रंथ मुंबईत १८१४ मध्येच छापला गेला होता.

कॉक्रेनने एकंदरीत अधिक डाव जिंकले, हा आक्षेप खरा आहे. पण सुरुवातीची पारख तिने उभ्या केलेल्या स्थितीवरून करावी, पुढे कोण चुकला यावरून नव्हे. प्रतिपक्षाला मध्य देऊन मग तो खिळखिळा करण्याचा विचार निम्झोविच आणि रेटी यांनी १९२०च्या दशकात सिद्धांतरूपाने मांडला. महेशचंद्रांच्या त्या पहिल्या तीन खेळ्यांना मात्र आज व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डचे नाव आहे, ज्याने त्या १९२२ मध्ये रूढ केल्या. न्यायाने पाहता पहिला मान महेशचंद्रांचा आहे.