सगळे दिवे हिरवे, आणि तरीही...

मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतंय म्हणून सिस्टीम ठणठणीत आहे, असं आमच्या धंद्यात कोणी छातीठोकपणे सांगू नये. मागचा बॅकअप कधीचाच बंद पडलेला असतो, आणि नेमकं त्यावर कोणाचं लक्ष नसतं. जमैकाच्या प्रवाळांचा इतिहास वाचताना मला हेच सारखं आठवत होतं.

जमैकाचा उत्तर किनारा म्हणजे प्रवाळशास्त्राची पंढरीच म्हणा ना! थॉमस गोरो या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात तिथे पाण्यात उतरून अभ्यास सुरू केला, पुढे डिस्कव्हरी बे इथे प्रयोगशाळा उभी राहिली. प्रवाळांची तब्येत पाहायची पद्धत तशी साधी. तळावर टेप पसरायची किंवा चौकट ठेवायची, फोटो काढायचे आणि तळाचा किती भाग जिवंत प्रवाळांनी झाकलाय ते मोजायचं. १९७७ साली हा आकडा होता सरासरी ५२ टक्के. शेवाळ फक्त ४ टक्के. म्हणजे रिपोर्ट एकदम झकास!

१९८० च्या ऑगस्टमध्ये ॲलन चक्रीवादळाने प्रवाळांचा चुराडा केला. पण वादळं काही नवीन नव्हती. मोकळ्या झालेल्या दगडांवर नवे प्रवाळ रुजायला लागलेसुद्धा. मग १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात एक रोग पसरला आणि लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन पटापट मेले. जमैकात तर जवळपास ९९ टक्के!

आता तुम्ही म्हणाल, काटेरी गोळे मेले तर प्रवाळांचं काय बिघडलं? तर मंडळी, शेवाळ चरून खायचं काम हेच गोळे करत होते. शेवाळ माजलं की दगड झाकले जातात, प्रवाळांच्या पिल्लांना चिकटायला जागाच उरत नाही. खरं तर हे काम मासेही करतात. पण जमैकाच्या मच्छीमारांच्या पिंजऱ्यांनी ते आधीच संपवत आणले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर किनाऱ्यावरचे मासे सुमारे ८० टक्क्यांपर्यंत घटलेले होते. म्हणजे आकडा ५२ टक्के दाखवत होता, तेव्हाच सगळा डोलारा एकाच जातीच्या खांद्यावर उभा होता. १९९३ मध्ये प्रवाळ उरले ३ टक्के, शेवाळ झालं ९२ टक्के. टेरी ह्यूजेस यांनी १९९४ साली हा सगळा हिशोब ‘सायन्स’मध्ये मांडला.

पुढच्याच वर्षी डॅनियल पॉली यांनी मत्स्यशास्त्रज्ञांच्या एका सवयीवर बोट ठेवलं. प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळात जे पाहते, त्यालाच ‘मूळ स्थिती’ समजते. मला वाटतं, जमैकात हेच झालं. १९७७ ची प्रवाळं निरोगी वाटली, कारण मासे भरपूर असलेला समुद्र मोजणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पाहिलाच नव्हता.

१९९७ पासून ‘रीफ चेक’चे स्वयंसेवक जगभर पाहणी करतात, तेव्हा प्रवाळांबरोबर मासे आणि सी अर्चिनही मोजतात. हा धडा फार महागात पडला, पण निदान यादीत तरी आला. प्रवाळ किती आहेत हा प्रश्न अर्धाच. उद्या ते मोडले, तर त्यांना परत उभं करणारे शिल्लक आहेत का, हा खरा प्रश्न.